औषधाच्या डबीवरचे पोकळ शब्द

औषध घेताना आपण त्याची किंमत पाहतो, क्वचित त्यातील घटक वाचतो. त्यावरच्या शब्दांचा विचार मात्र सहसा करीत नाही. वास्तविक पुष्कळदा गोळी पोटात जाण्याआधी शब्द डोक्यात शिरलेला असतो आणि घ्यायचे की नाही याचा निर्णय त्यानेच करून टाकलेला असतो. म्हणून आज एखाद्या रोगाऐवजी अशा शब्दांचीच तपासणी करू.

दवाखान्यात मला रोज ऐकू येणारे हे शब्द पाहा. ‘ताकद येते’, ‘रक्त शुद्ध होते’, ‘प्रतिकारशक्ती वाढते’, ‘रोग मुळासकट जातो’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘साईड इफेक्ट नाही’. यांतील बरेचसे शब्द खोटे ठरवताच येत नाहीत, हीच त्यांची खुबी आहे. ‘या गोळीने पंधरा दिवसांत रक्तदाब १६० वरून १४० वर येईल’ असे कोणी म्हटले, तर सोळाव्या दिवशी मशीन लावून मी त्याचे म्हणणे तपासू शकतो. ‘ताकद येते’ हे कशाने मोजायचे? किती ताकद? कोणाला? किती दिवसांत? जे विधान कधी चुकूच शकत नाही, ते खरे म्हणजे काही सांगतच नसते. ते रिकाम्या कळशीसारखे असते. प्रत्येक जण आपापल्या विहिरीचे पाणी तिच्यात भरतो. थकलेल्या माणसाला वाटते थकवा जाईल, आईला वाटते पोराचे वजन वाढेल, आजोबांना वाटते गुडघे चालू लागतील. विकणाऱ्याने यांतले एकही वचन दिलेले नसते.

हे शब्द इतके मोघम का असतात, याला कायद्याचेही एक कारण आहे. आपल्या देशात १९५४ सालापासून औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, अर्धांगवायू, रक्तदाब, लठ्ठपणा, एवढेच नव्हे तर उंची वाढवणे, अशा पन्नासहून अधिक गोष्टींवर ‘आमच्या औषधाने बरे होते’ अशी जाहिरात करण्यास त्याने मनाई केली आहे. कोणत्याही पॅथीचे औषध असो, कायदा सर्वांना सारखाच. मग ‘मधुमेह बरा होतो’ ऐवजी ‘मधुमेहींसाठी वरदान’ असे छापले जाते. कायद्याच्या दृष्टीने वाक्य निसरडे, वाचणाऱ्याच्या दृष्टीने अर्थ तोच!

याचा परिणाम काय होतो ते सांगतो. माझ्याकडे येणारे एक शेतकरी बरीच वर्षे साखरेच्या गोळ्या नियमित घेत होते. गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्याने प्रेमाने एक चूर्ण आणून दिले. त्यावर हाच ‘वरदान’ शब्द होता. त्यांनी गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी पायाला चिघळलेली जखम घेऊन आले तेव्हा उपाशीपोटीची साखर ३०० च्या वर होती. एक बोट काढावे लागले. ती डबी मी नीट वाचली. गोळ्या बंद करा असे तिच्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. ते वाक्य त्यांनी स्वतःच्या मनात तयार केले होते. पोकळ शब्द असेच काम करतो. खोटे तो बोलत नाही, ते आपल्याकडून बोलवून घेतो.

कोरोनाच्या काळात हा खेळ साऱ्या देशाने पाहिला. जून २०२० मध्ये पतंजलीने ‘कोरोनिल’ हे कोरोनावरील औषध म्हणून जाहीर केले. आयुष मंत्रालयाने तपासणी होईपर्यंत जाहिरात थांबवण्यास सांगितले. पुढे ते विक्रीला आले ते प्रतिकारशक्तीच्या नावाने. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी योग्य प्रमाणपत्राशिवाय राज्यात त्याची विक्री होऊ देणार नाही, असे जाहीर केले. अशा दाव्यांच्या जाहिरातींविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये कंपनीला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. ‘बरे करते’ आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ यांत केवढे अंतर आहे! तरीही संकटात सापडलेल्या माणसाच्या कानाला दोन्ही एकच ऐकू येतात.

आता आमच्या बाजूकडेही पाहू. ‘डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक ताकदीचं सलाईन लावा’ ही मागणी मला आठवड्यातून अनेकदा ऐकावी लागते, आणि हा शब्द लोकांनी आमच्याच व्यवसायातून उचलला आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे साधारण पाच चमचे साखर. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे एक चमचाही नाही. उलट्या थांबत नसतील, शुद्ध हरपली असेल, तर सलाईन जीव वाचवते. ज्याला तोंडाने पिता येते त्याला पेजेच्या एका वाडग्यातून आणि केळ्यातून यापेक्षा अधिक मिळते, तेही सुई न टोचता. अशक्तपणाचे कारण रक्तक्षय आहे की थायरॉईड, मधुमेह की क्षय, हे शोधायचे राहून जाते, हा खरा तोटा.

शब्दाने लहान मुलांचा जीवही धोक्यात येतो. ‘ओआरएस’ हे भरीव नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असे त्याचे ठरलेले माप आहे. काही कंपन्यांनी हीच तीन अक्षरे गोड पेयांच्या खोक्यांवर छापली. जुलाब होणाऱ्या बाळाला असे फार गोड पेय दिले तर साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास बंदी केली. दुकानातून घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, हे पाहा आणि पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा. पाकीट मिळेपर्यंत उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून द्यावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे.

‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल?’ असेही विचारतात. आपल्या रानातला काजरा आणि परसातली कण्हेर नैसर्गिकच आहेत, आणि दोन्ही जीवघेणी विषारी आहेत. ‘साईड इफेक्ट नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या काही पुड्यांत स्टिरॉईड मिसळलेले तपासणीत सापडलेले आहे. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो तो त्याने. तसेच सर्दी-पडसे आठवड्यात आपोआप बरे होते, पण श्रेय त्या आठवड्यात जे घेतले त्याला मिळते.

तेव्हा यापुढे डबी हातात घेतली, व्हॉट्सअॅपवर संदेश आला किंवा आम्हा डॉक्टरांपैकी कोणी काही लिहून दिले, तर चार प्रश्न विचारा. नेमक्या कोणत्या आजारावर? किती दिवसांत? फरक पडला हे कशाने मोजायचे? आणि उपयोग झाला नाही तर ते कळणार कसे? उत्तर आकड्यात किंवा ठराविक लक्षणात मिळाले तर पुढे बोलता येईल. ‘घेऊन तर बघा’ असे उत्तर मिळाले तर पैसे खिशातच राहू द्या. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, थायरॉईड यांची चालू गोळी मात्र कोणत्याही शब्दाच्या भरवशावर आपल्या मनाने बंद करू नका. आधी डबी घेऊन दवाखान्यात या, आपण दोघे मिळून ती वाचू.