वासराच्या पोटी वासरू

अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ टेकड्यांवर मांसासाठी गुरं पाळणाऱ्यांचं गणित सरळ असतं. मार्चमध्ये जन्मलेली कालवड ऑक्टोबरात आईपासून तोडायची, पुढच्या उन्हाळ्यात १४-१५ महिन्यांची झाली की भरवायची, म्हणजे ती दोन वर्षांची होताना विते. गणित चुकतं ते वळूपायी. हंगाम संपल्यावरही तो कळपातच राहिला, तर आईमागे हिंडणारी सहा-सात महिन्यांची एखादी कालवडही गाभण राहते. बहुतेक कालवडी वर्षाच्या आसपास माजावर येतात. पण भरपूर दूध पिऊन झपाट्यानं वाढलेल्या काही त्याच्या बऱ्याच आधी. गाभणकाळ साधारण २८३ दिवसांचा. ऑक्टोबरात फळलेली कालवड पुढच्या जुलैत विते, तेव्हा ती जेमतेम १६ महिन्यांची असते. तिचे पुढचे दुधाचे दातसुद्धा पडलेले नसतात.

आपल्याकडची रड नेमकी उलटी. देशी कालवडीचं पहिलं वेत तीन वर्षं उलटली तरी दिसत नाही म्हणून आपण डॉक्टरांकडे जातो.

इतकी लहान कालवड गाभण असल्याची शंका असेल तर वेळीच तपासणी करावी. वळूपासून वेगळं केल्यावर आठ-दहा दिवस थांबून पशुवैद्य प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात आणि गर्भ पडतो. पहिल्या चार-पाच महिन्यांत हा उपाय सहसा पुरतो. पुढे मात्र त्याच्या जोडीला स्टिरॉइड लागतं, वार अडकण्याची भीती वाढते. बहुतेकदा पोट आणि कास दिसू लागेपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही, ही खरी अडचण.

मग पहिला विचार सुचतो तो चारा तोडण्याचा: आईला कमी घातलं की वासरू लहान राहील आणि सुटका सोपी होईल. हा हिशेब महागात पडतो. शेवटच्या तीन महिन्यांत वासराचं बहुतेक वजन भरतं खरं, पण उपासमारीनं ते फारसं घटत नाही. झिजते ती आई. कळा द्यायला तिच्यात जोर उरत नाही, चीक कमी उतरतो. उलट टोकाला जाऊन लठ्ठ केली तर चरबीनं प्रसूतिमार्गच अरुंद होतो. विताना कालवडीचं वजन पूर्ण वाढलेल्या गायीच्या ८० ते ८५ टक्के असावं, असा संकेत आहे. ही बिचारी तिथवर पोचणार नाही, तरी तिचं स्वतःचं हाडपेर वाढेल इतकी प्रथिनं आणि ऊर्जा तिला मिळालीच पाहिजे. गव्हाणीवर थोराड गायी तिला ढकलून देतात, म्हणून तिला वेगळं बांधलेलं बरं.

कटीच अरुंद असल्यानं वासरू अडण्याचा धोका मोठा. पाणमोट दिसल्यावर तासाभरात प्रगती नसेल तर डॉक्टरांना बोलवावं. दोर बांधून ओढाताण करण्यापेक्षा वेळेवर केलेलं सिझेरियन कितीतरी सुरक्षित. वासरू जगलं तर पहिल्या सहा तासांत त्याला पोटभर चीक पाजायचा. दिवस उलटल्यावर त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून शोषलीच जात नाहीत.

पुढचा निर्णय आईचा. आधी जगणं, मग वाढ, मग दूध आणि सगळ्यात शेवटी माज, या क्रमानं तिचं शरीर अन्न वापरतं. दोन-तीन महिन्यांत वासरू तोडलं तर दुधाकडे जाणारा चारा तिच्या अंगी लागतो. काहीजण तिला लगेच विकून टाकतात. ठेवायचीच असेल तर पुढच्या जूनपर्यंत वळूच्या वाऱ्यालाही उभी करू नये. तोवर ती २७ महिन्यांची होते आणि वेतही पुन्हा मार्चवर येतं.