स्मृतिभ्रंश : दोष नुसत्या वयाचा नाही

केनवड हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं, शेतीवर जगणारं गाव. अशा गावांत म्हातारं माणूस जवळच्यांची नावं विसरू लागलं, की ‘वय झालं’ म्हणून विषय मिटतो. नीती आयोगाच्या 2018च्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत वाशीम आहे. शिक्षण आणि आरोग्यातली ही पिछाडी उतारवयात मेंदूलाही भोवते.

गैरसमज : साठी बुद्धी नाठी, त्याला इलाज नाही.
वस्तुस्थिती : वयाबरोबर धोका वाढतो, पण स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024च्या अहवालाने बदलता येण्याजोगी 14 कारणं दाखवली. त्यांवर काम झालं, तर जवळपास 45 टक्के रुग्णांचा आजार टाळता किंवा लांबवता येईल.

गैरसमज : हा शहरातल्या सुखवस्तूंचा आजार.
वस्तुस्थिती : नेमकं उलट. 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. शहरात हे प्रमाण 5.3 टक्के, तर खेड्यात 8.4 टक्के. पुरुषांपेक्षा बायकांत अधिक.

गैरसमज : शाळेचा इथे काय संबंध?
वस्तुस्थिती : लहानपणीच्या शिक्षणातून मेंदूची राखीव ताकद तयार होते. आज पंचाहत्तरीत असलेल्या कितीतरी बायकांच्या हाती शाळेच्या वयात पाटीऐवजी खुरपं आलं, कडेवर धाकटं भावंड. 1972च्या दुष्काळात त्यांच्या पिढीने खडी फोडली. त्यांची बुद्धी कमी नव्हती, त्यांना संधीच मिळाली नाही.

गैरसमज : बदाम खा, कोडी सोडवा, झालं.
वस्तुस्थिती : रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, बहिरेपण, अधू नजर आणि एकटेपणा यांचा वाटा मोठा आहे. ऐकू येईनासं झालं की माणूस पारावर बसणं सोडतो. बीपीची गोळी आणायला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून गोळी राहून जाते. ही बेफिकिरी नव्हे, परिस्थितीची अडवणूक आहे.

सोयी आहेत, त्या वापरायला हव्यात. आशाताई घरोघरी जो तपासणी अर्ज भरतात, त्यात वृद्धांसाठी ‘जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का?’ असा प्रश्न असतो. त्याचं उत्तर लपवू नका. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील, दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी 3,000 रुपये मिळतात. ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे 14567. घरातल्या वडीलधाऱ्यांचे कान, डोळे आणि बीपी याच महिन्यात तपासून घ्या.