चिंबोरी एक की दोन?

पावसाळ्यात वसईकडच्या बाजारात खाडीतल्या चिंबोऱ्या येतात, तसे डोंगरातल्या ओढ्यांचे मुठेही येतात. आपल्यापैकी शाफई घरांच्या दस्तरखानावर दोन्ही 'खेकडा' म्हणूनच वाढले जातात. हनफी घरांत खेकडा सहसा शिजतच नाही. शास्त्रज्ञांनी मात्र या दोघांना वेगवेगळ्या कुळांत ठेवले आहे.

चिंबोरीचे शेवटचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे असतात. ती पोहणाऱ्या खेकड्यांच्या, म्हणजे पोर्टुनिडी कुळातली. मुठे गेकार्सिनुसिडी कुळातले. त्यांच्या अंड्यांतून थेट इवलेसे खेकडेच बाहेर पडतात. समुद्रात वाहत जाणारी पिल्ले नसतातच. त्यामुळे एका डोंगराचा मुठा दुसऱ्या डोंगरावर सहज पोहोचत नाही. सह्याद्रीत त्यांच्या इतक्या जाती झाल्या त्याचे एक कारण हेच, आणि एखादा ओढा बुजवला तर एखादी जातच संपण्याचा धोकाही त्यातूनच. या मुठ्यांच्या नातेवाइकांची पूर्वी दोन कुळे मानत. जबड्याजवळच्या बारीक अवयवांवरून ती वेगळी केलेली. 2009 मध्ये आनुवंशिक पुरावे तपासल्यावर ही वाटणी टिकली नाही आणि दोन्हींचे एकच कुळ झाले.

चिंबोरीचे उलटे झाले. फोर्स्कोल या स्वीडिश अभ्यासकाने लाल समुद्रातल्या चिंबोरीचे वर्णन केले होते. 1763 मध्ये तो येमेनमध्ये वारला; पुस्तक 1775 मध्ये निघाले. पुढे 1949 मध्ये फिलिपिन्समधल्या एका संशोधकाने चिंबोरीच्या अनेक जाती सांगितल्या, तर 1960 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी सगळ्या पुन्हा एकीत कोंबल्या. अखेर 1998 मध्ये कीनन, डेव्ही आणि मान यांनी शरीराची मापे आणि आनुवंशिक फरक तपासून चार जाती ठरवल्या. आपल्या देशात त्यांतल्या दोन सापडतात: सिला सेराटा आणि सिला ऑलिव्हेसिया.

हा नुसता नावांचा खेळ नव्हे. सेराटा दोन किलोंच्या वर जाते, ऑलिव्हेसिया लहानच राहते. पिंजऱ्यात किंवा तळ्यात चिंबोरी पाळणाऱ्याने ऑलिव्हेसियाची पिल्ले आणली तर कितीही खाऊ घाला, दोन किलो भरणार नाहीत. शिवाय दोघींना एकच धरले, तर खाडीत नेमकी कोणती कमी होते आहे तेही कळत नाही.

ओळख सोपी आहे. नांगीच्या अलीकडच्या सांध्यावर बाहेरून दोन टोकदार काटे आणि सगळ्या पायांवर जाळीसारखी नक्षी असेल तर ती सेराटा. काटे बोथट किंवा नाहीसे, नक्षी नाही आणि डोळ्यांमधले दाते गोलसर असतील तर ऑलिव्हेसिया. तपासायचे ते नांग्या बांधलेल्या असतानाच.