काड्या पूर्ण, नेट शून्य

"सिग्नल फुल उंदि अंकल, नेट रावट्लेदु."
"रेंज पूरी है, नेट नै आरा."
"काका, काड्या सगळ्या आहेत हो, पण काहीच उघडत नाही."

दिलसुखनगरात राहण्याचा हा एक फायदा. एकच गैरसमज तीन भाषांत ऐकायला मिळतो. तेलुगू शेजारी, मलकपेटकडून येणारा दख्खनी बोलणारा इलेक्ट्रिशियन आणि नांदेड-देगलूरहून इथे कोर्स करायला आलेली, हॉस्टेलात राहणारी आपली मराठी पोरं, सगळ्यांचं म्हणणं तेच. वायफायच्या काड्या पूर्ण आहेत, म्हणजे नेट असायलाच हवं. नसेल तर राउटर खराब. राउटर खराब, तर चला, नवा घेऊ. मला थोडंफार कळतं ही अफवा बिल्डिंगमध्ये पसरल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता फोन वाजला की उत्तर आधी तोंडात येतं.

फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या एकच गोष्ट मोजतात. तुमच्या राउटरची रेडिओलहर तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचते, एवढीच. राउटरच्या मागे काय चाललं आहे, याची त्यांना गंधवार्ता नसते. ही ताकद डीबीएम या एककात मोजतात आणि आकडा नेहमी उणे असतो. उणे ५० म्हणजे राउटर जवळच आहे, उणे ७०पर्यंत काम नीट चालतं, उणे ८०च्या पलीकडे व्हिडिओ अडखळायला लागतो. त्यातही कुठल्या आकड्याला किती काड्या दाखवायच्या, याचा सर्व कंपन्यांना बांधील असा नियम नाही. एकाच खोलीत, एकाच टेबलावर ठेवलेले दोन फोन वेगवेगळ्या काड्या दाखवू शकतात. "तुझ्या फोनला रेंज चांगली येते" या वाक्यातला अर्धा जिव्हाळा तिथेच संपतो.

आमच्या भागात नळाला कृष्णेचं पाणी येतं. महाबळेश्वरात उगम पावलेली नदी कुठल्या कुठे जाऊन नागार्जुनसागरात साठते. तिथून पंपांनी उचललेलं पाणी साहेबनगरच्या जलाशयात, तिथून पाइपांतून आमच्या सम्पमध्ये, सम्पमधून मोटारीने गच्चीवरच्या टाकीत आणि टाकीतून मोरीतल्या नळाला. आता तोटी नवी आहे, घट्ट बसली आहे, चकाकते आहे, म्हणून पाणी येणारच, असं कोणी म्हणतं का? नळ कोरडा पडला तर आपण आधी मोटार बघतो, मग सम्पमध्ये वाकून बघतो, मग शेजारी विचारतो. वायफाय ही तोटी आहे. मॉडेम ही टाकी समजा. बाहेरून येणारी केबल हा पाइप. काड्या फक्त तोटीचा दाखला देतात, आणि आपण धरणाचा हिशेब त्यांच्याकडे मागतो.

ऑगस्ट २०२५मध्ये हे सगळ्या हैदराबादला एकदम कळायला हवं होतं. आमच्यापासून फार लांब नसलेल्या रामंतापूरमध्ये कृष्णाष्टमीच्या शोभायात्रेतल्या रथात वीज उतरली आणि पाच माणसं गेली. त्यानंतर वीज वितरण कंपनीने खांबांवर वर्षानुवर्षं लोंबणाऱ्या केबली कापायला घेतल्या. शहराच्या बऱ्याच भागांत इंटरनेट बंद पडलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पाच जिवांपुढे नेटचं रडगाणं क्षुल्लक आहे. पण त्या दिवसांत मला आलेल्या फोनांची वाक्यं वर दिली तीच होती. बाहेर केबलच कापलेली, घरात काड्या पूर्ण, आणि माणूस विचारतोय, "राउटर कुठला घेऊ?" अहो, राउटर बिचारा आपलं काम चोख करतोय. त्याच्याकडे वाटायला काही आलेलंच नाही.

गंमत म्हणजे फोनला हे कळलेलं असतं. वायफायला जोडलं की अँड्रॉइड फोन गुपचूप गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन येतो. तिथून '२०४' या क्रमांकाचं रिकामं उत्तर आलं तर बाहेरची वाट मोकळी आहे असं तो समजतो. आयफोन ॲपलच्या पत्त्यावर अशीच फेरी मारतो. उत्तर आलं नाही की अँड्रॉइड फोन काड्यांच्या शेजारी बारीकसं उद्गारचिन्ह दाखवतो, किंवा 'इंटरनेट उपलब्ध नाही' अशी ओळ लिहितो. ती ओळ कोणी वाचत नाही. काड्या मात्र सगळे मोजतात.

तेव्हा भांडायच्या आधी दोन मिनिटांची तपासणी करा. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन दुसऱ्या वाटेने नेट आणेल आणि तुम्ही फसाल. वायफायच्या सेटिंगमध्ये 'गेटवे' म्हणून एक पत्ता असतो, बहुतेक घरांत १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाका. राउटरचं स्वतःचं पान उघडेल. त्या पानाला इंटरनेट लागतच नाही, ते राउटरच्या पोटातून येतं. पान झटकन उघडलं, म्हणजे तुमचं वायफाय ठणठणीत आहे आणि बिघाड बहुधा राउटरच्या पलीकडे आहे. पान उघडलंच नाही, तर मात्र वायफायचा किंवा राउटरचा संशय घ्या.

पलीकडे म्हणजे कुठे, हे दिवे सांगतात. फायबरच्या डब्यावर 'पीओएन' नावाचा हिरवा दिवा स्थिर हवा. 'एलओएस' लाल झाला, म्हणजे प्रकाश पोचतच नाहीये. त्या अक्षरांचा अर्थच सिग्नल हरवला असा आहे. अशा वेळी घरात एकच गोष्ट बघण्यासारखी असते. डब्यात शिरणारी ती पातळ पिवळी किंवा पांढरी दोरी कपाटामागे दुमडली तर नाही ना? फायबरमध्ये काच असते, तिला तांब्याच्या तारेसारखं पिरगाळता येत नाही. दोरी नीट असेल तर ऑपरेटरला फोन करा आणि स्वस्थ बसा.

टीव्हीच्या जाड काळ्या केबलवरून नेट येणारी घरं अजून आहेत. त्यांचं दुखणं निराळं. तिथे मॉडेम 'डॉक्सिस' नावाच्या मानकावर चालतो. १९९७ साली अमेरिकेतल्या केबललॅब्ज या संस्थेने ते आणलं. चालू झाल्यावर मॉडेम आधी आपल्याकडे येणारी वारंवारता शोधतो, मग आपला आवाज पलीकडे पोचतोय का हे चाचपतो, मग पत्ता मागतो. यात काही मिनिटं जातात. तेवढ्या वेळात तीनदा स्विच बंद-चालू करणारे महाभाग मी पाहिले आहेत. बहुतेक केबल मॉडेम १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर आपला ताप आणि नाडी दाखवतात. येणाऱ्या सिग्नलची ताकद मानकानुसार उणे १५ ते अधिक १५ डीबीएमव्हीच्या आत हवी, आणि शून्याच्या आसपास असेल तर उत्तम. टीव्हीसाठी मध्ये एक साधा दोन तोंडांचा स्प्लिटर बसवला, की साडेतीन डेसिबल तिथेच गेले, म्हणजे सिग्नलची निम्म्याहून जास्त शक्ती. दुसरा टीव्ही आला, दुसरा स्प्लिटर आला, आणि मग "पूर्वी छान चालायचं हो!"

आणि "माझ्या घरात सगळं नीट आहे, मग नेट का तुटतं?" याचं उत्तर अनेकांना आवडत नाही. केबलच्या जाळ्यात गल्लीतल्या सगळ्या घरांतून परत जाणारे सिग्नल एकाच वाटेने वर चढतात, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या घरांतला कचराही चढतो. एखाद्या घरातलं पेच सैल झालेलं कनेक्टर बाहेरची रेडिओ खरखर आत ओढतं आणि ती पूर्ण गल्लीच्या वाटेवर सांडते. तुमचं नेट संध्याकाळी तुटत असेल, तर दोष तिसऱ्या मजल्यावरच्या, नेट न वापरणाऱ्या आजींच्या टीव्हीमागेही असू शकतो. आजींना सांगायला मी जाणार नाही.

वीज गेल्यावरचा वाद याच घराण्यातला. "इन्व्हर्टरवर राउटर चालू आहे, तरी नेट का गेलं?" कारण इन्व्हर्टर तुमचा आहे, गल्लीचा नाही. जाड केबलच्या वाटेवर सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर असतात, त्यांना वीज लागते. फायबरच्या वाटेवरच्या फाट्यांना वीज लागत नाही, पण आमच्याकडे बऱ्याच बिल्डिंगांच्या जिन्यात ऑपरेटरचा एक लोखंडी डबा असतो. त्यात वायरींचा गुंता आणि विजेवर चालणारा एक नेटवर्क स्विच. त्या डब्याचा प्लग सोसायटीच्या मीटरवर असेल, तर दिवा गेला की तोही झोपतो.

आता टाचणीबद्दल. राउटरच्या पाठीमागे एक बारीक भोक असतं, 'रीसेट' लिहिलेलं. 'रीस्टार्ट' आणि 'रीसेट' ही जुळी भावंडं नाहीत. रीस्टार्ट म्हणजे डुलकी काढून उठणं. रीसेट म्हणजे स्वतःचं नावही विसरणं. आपल्याकडे पुष्कळ जोडण्या 'पीपीपीओई' पद्धतीने चालतात. म्हणजे ऑपरेटरने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्ये भरलेला असतो. टाचणी दहा सेकंद दाबून धरली की तो पुसला जातो. आमच्या वरच्या हॉस्टेलातल्या देगलूरच्या एका मुलाने व्हिडिओ बघून शनिवारी रात्री हा प्रयोग केला. बाहेरचा बिघाड रविवारी सकाळी आपोआप सुधारला, बिल्डिंगभर नेट आलं, आणि यांच्या खोलीत मंगळवारी ऑपरेटरचा माणूस येईपर्यंत सुतक होतं. काड्या अर्थात पूर्ण होत्या.

बंद-चालूच करायचं असेल तर दोन्ही डबे बंद करा, अर्ध्या मिनिटाने आधी मॉडेम लावा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मग राउटर. राउटर पत्ता मागायला येईल तेव्हा देणारा जागा हवा. नवा राउटर आणला असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. बरेच केबल मॉडेम चालू झाल्यावर पहिल्यांदा जोडलेल्या यंत्राचीच ओळख धरून बसतात, आणि काही ऑपरेटरही जुन्या राउटरचा मॅक पत्ता नोंदवून ठेवतात. त्यांना नवा कळवल्याशिवाय नेट येत नाही. इतक्यात ग्राहक "नवा राउटरपण खराब निघाला" म्हणत दुकानात परत पोचलेला असतो.

काड्या खरंच कमी असतील तेव्हाचं दुखणं वेगळं, तिथेही ऐकीव ज्ञानाचा सुकाळ आहे. '५जी वायफाय' म्हणजे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झची लहर. ती वेगवान असते, पण भिंतीपुढे लवकर दमते, २.४ गिगाहर्ट्झची लांब जाते, पण तिच्यावर गर्दी. आमच्या खोलीतून पाहिलं तर वायफायची पस्तीसेक नावं दिसतात, आणि २.४च्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच मानले जातात, १, ६ आणि ११. हॉस्टेलात एका राउटरवर चाळीस मुलं बसली, तर काड्या पूर्ण असूनही प्रत्येकाला पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, कारण एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे पोहे गरम होताना व्हिडिओ अडकला तर ओव्हनवर संशय घेणं वावगं नाही.

अँटेना जास्त म्हणजे रेंज जास्त, हेही खोटं. आणि अँटेनाचं टोक फोनकडे रोखू नका. उभ्या अँटेनाची लहर मेदूवड्यासारखी आडवी पसरते, टोकाकडे वड्याचं भोक येतं. '१०० एमबीपीएसचा प्लॅन आणि डाउनलोड १२चंच' ही फसवणूक नाही. प्लॅन बिटांत असतो, डाउनलोड बाइटांत दिसतो, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. कायद्यापुरतं बोलायचं तर दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, तेव्हा 'ब्रॉडबँड' या शब्दाच्या भरवशावर फार ताणू नका. वायफायने कॅन्सर होतो म्हणणारे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा हवाला देतात. तिने २०११ साली रेडिओलहरींना 'कदाचित' या २बी गटात टाकलं हे खरं, पण त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. त्यांच्याविरुद्ध सोसायटीत अजून कोणी अर्ज दिलेला नाही.

काल रात्री साडेदहाला पुन्हा फोन. चौथ्या मजल्यावरून.

"काका, काड्या पूर्ण आहेत, पण…"

"डब्यावरचा एलओएस दिवा लाल आहे का, तेवढं बघ."

"कसं सांगू? दिव्यांवर काळी टेप लावलीय. रात्री डोळ्यांवर उजेड येतो म्हणून."