इथेनॉलचा चोथा, म्हशीची दावण आणि नातीचे दूध

श्रावणातली गोष्ट. एक दूध उत्पादक माझ्या दवाखान्यात आले आणि रुमालाची गाठ सोडून पिवळट-तपकिरी पूड टेबलावर ठेवली. "डॉक्टरसाहेब, सरकी पेंडीपेक्षा स्वस्त पडतंय. दुकानदार म्हणतो प्रोटीन भरपूर हाय. आठ दिवस घालतोय, पण म्हैस आता आंबोणाला तोंड लावंना."

आरोग्याच्या सदरात जनावरांच्या डॉक्टरचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण त्या म्हशीचे दूध त्यांची चार वर्षांची नात रोज पिते, म्हणून हा विषय इथे आणला.

ती पूड म्हणजे डीडीजीएस. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल पूर्वी आपल्याकडे मुख्यतः साखर कारखान्यांच्या मळीपासून होई. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसावर निर्बंध आले, मक्याला मागणी वाढली आणि २०२५ मध्ये पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. मका दळून, शिजवून, यीस्ट घालून आंबवतात. दाण्यात दोन-तृतीयांशाच्या आसपास पिष्ट असते, त्याचा मद्यार्क आणि वायू होतो. उरलेला चोथा वाळवला की डीडीजीएस तयार. शंभर किलो मक्यामागे सुमारे तीस किलो निघतो.

आता हिशेब पाहा. पिष्ट गेले आणि बाकीचे सगळे एक-तृतीयांश वजनात गोळा झाले. मक्यात आठ-नऊ टक्के असलेली प्रथिने चोथ्यात सव्वीस-अठ्ठावीस टक्क्यांपर्यंत जातात. तांदळाच्या चोथ्यात ती चाळीसच्याही पुढे असतात. शिवाय यातला बराचसा भाग कोटीपोटातल्या जंतूंच्या तावडीतून सुटून पुढे आतड्यात पचतो, म्हणून दुभत्या जनावराला तो चांगला लागू पडतो. वस्तू वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. सोयाबीनवाले शेतकरी तिच्यावर नाराज आहेत, कारण स्वस्त चोथ्यामुळे सोयापेंडीचा उठाव कमी झाला. त्यांचे दुखणे खरे आहे, पण तो या सदराचा विषय नव्हे.

दुखणे वेगळेच आहे. प्रथिने जशी तिप्पट होतात, तसे मक्यात बुरशीचे विष असेल तर तेही तिप्पट होते. आंबवण्याने ते मरत नाही आणि मद्यार्काबरोबर उडूनही जात नाही, चोथ्यातच राहते. या विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने एक लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा त्याचा शोध लागला. आपल्या देशात १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन कावीळ उसळली आणि शंभरावर माणसे दगावली. त्या घरांतली कुत्रीही मेली.

जनावराने हे विष खाल्ले की त्यातला शेकडा एक ते तीन भाग रूप बदलून दुधात उतरतो, तोही एका दिवसाच्या आत. दूध कितीही उकळा, तो जात नाही. दही लावा, पनीर करा, उपयोग नाही. एका पेल्याने कोणी आजारी पडत नाही. पण रोज थोडे थोडे पोटात गेले तर यकृतावर ताण येतो, पुढे कर्करोगाचा धोका वाढतो, आणि सर्वांत जास्त दूध पितात ती लहान मुले. म्हणूनच दुधात किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त विष नसावे, असा आपल्याकडे नियम आहे. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की दूषित खाद्य थांबवले की तीन-चार दिवसांत दूध बहुतांशी स्वच्छ होते.

मी त्यांच्या गोठ्यावर गेलो. तीन पोती होती. दोन भिंतीला टेकून ओल्या फरशीवर ठेवलेली. त्यातल्या एकात कोपरापर्यंत हात घातला, तर आत ऊब लागली आणि कुबट वास आला. चांगला चोथा सोनेरी असतो, वास गोडसर आंबूस. काळपट, करपलेला असेल तर वाळवताना प्रथिने जळालेली असतात. ती पचत नाहीत, पैसे मात्र पुरे जातात. बुरशी दर वेळी डोळ्यांना दिसतेच असे नाही, म्हणून विक्रेत्याकडे त्या मालाचा अफ्लाटॉक्सिनचा तपासणी अहवाल मागावा. ओला चोथा मिळत असेल तर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत संपेल इतकाच आणावा.

प्रमाणाचे म्हणाल तर आंबोणाच्या पाच भागांत एक भाग, त्यापुढे नको. दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. चोथ्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी, म्हणून खनिज मिश्रण हवेच. तेलही बरेच असते, जास्त घातले तर दुधाची फॅट उतरते. कधी कधी गंधकही जास्त असते. अती झाल्यास जनावर आंधळ्यासारखे चालते, भिंतीला डोके लावून उभे राहते. असे दिसल्यास थांबू नका, लगेच डॉक्टर बोलवा. रवंथ न करणाऱ्या कोवळ्या वासरांना हा चोथा घालूच नये.

ओली दोन्ही पोती आम्ही खड्ड्यात पुरली. तिसरे लाकडी फळीवर, कोरडे होते. त्याचा नमुना तपासायला पाठवला, तो मर्यादेत निघाला, आणि आता ते सरकीत मिसळून चालू आहे. मधल्या चार दिवसांचे दूध त्यांनी डेअरीला घातले नाही आणि घरातही घेतले नाही. नातीसाठी शेजारच्या गोठ्यातून अर्धा लिटर विकत आणत होते.