संगणक यंत्रसामग्रीची नोंदणी

संगणक यंत्रसामग्रीची नोंदणी : संस्थेतील कर्मचाऱ्यांच्या वापरासाठी असलेले संगणक, लॅपटॉप, मॉनिटर आणि त्यांना जोडलेली उपकरणे यांची ओळख, घडण, जागा, ताबेदार व आर्थिक स्थिती दर्शविणारी, खरेदीपासून निर्लेखनापर्यंत अद्ययावत ठेवली जाणारी पद्धतशीर नोंद. एका कर्मचाऱ्याच्या वापरातील अशा संचास वर्कस्टेशन म्हणतात. १९८०–९० या दशकात हे नाव मुख्यत्वे अभियांत्रिकी आरेखन व वैज्ञानिक गणन यांसाठीच्या शक्तिशाली संगणकांना दिले जाई. कार्यालयीन व्यवहारात ते आता मेजावरील कोणत्याही संगणकास लावले जाते.

महाराष्ट्रातील शासकीय कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती यांत टिकाऊ वस्तूंसाठी जडवस्तुसंग्रह नोंदवही ठेवण्याची प्रथा जुनी आहे. वस्तूचे नाव, नग, खरेदीचा दिनांक, किंमत व शेरा एवढे रकाने कपाट किंवा खुर्ची यांच्यासाठी पुरेसे असतात. संगणकही प्रथम याच नोंदवहीत आले आणि पुष्कळ ठिकाणी ‘सीपीयू – १ नग, मॉनिटर – १ नग’ अशा ओळींतच राहिले. (वस्तुतः सीपीयू म्हणजे मदरबोर्डवर बसविलेला प्रोसेसर; कार्यालयीन बोलीत मात्र संपूर्ण पेटीलाच ते नाव मिळाले आहे.) कपाटाहून संगणक तीन बाबतींत निराळा असतो : बाहेरून काहीही न बदलता त्याच्या आतील घटक बदलता येतात, तो संस्थेची माहिती स्वतःजवळ बाळगतो, आणि त्याचे उपयुक्त आयुष्य यंत्र झिजण्यापेक्षा आज्ञावलीला मिळणाऱ्या पाठिंब्यावर अधिक अवलंबून असते. विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २·० ही सुरक्षा-सुविधा, किमान ४ गिगाबाइट स्मृती आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर आवश्यक असतो. आपल्या किती यंत्रांवर ती चालेल, या साध्या प्रश्नाचे उत्तर ‘१ नग’ या नोंदीतून निघत नाही.

यंत्राची ओळख : नोंदणीतील सर्वांत अवघड भाग म्हणजे हे यंत्र तेच यंत्र आहे, असे निश्चित सांगता येणे. निर्मात्याने पेटीवर चिकटविलेला अनुक्रमांक हा पहिला आधार होय. चिठ्ठी झिजते किंवा गळून पडते. परंतु नामांकित निर्मात्यांच्या यंत्रांत तोच क्रमांक मदरबोर्डवरील मूळ आज्ञासंचातही कोरलेला असतो. तेथील माहितीची मांडणी ‘एसएमबायॉस’ या मानकानुसार असते. १९९२ मध्ये स्थापन झालेली डीएमटीएफ ही संघटना हे मानक सांभाळते. त्यात यंत्र, मदरबोर्ड, पेटी, प्रोसेसर व प्रत्येक स्मृतिपट्टी यांचे स्वतंत्र वर्णन असते. लिनक्स प्रणालीत ‘डीएमआयडीकोड’ या आज्ञेने व विंडोजमध्ये ‘डब्ल्यूएमआय’ या सुविधेद्वारे ते वाचता येते. मॉनिटरही ‘ईडीआयडी’ या पद्धतीने आपला निर्माता, नमुना आणि निर्मितीचे वर्ष संगणकास कळवितो. त्यामुळे मेजाखाली न वाकताही बरीचशी माहिती मिळते.

ही सोय सर्वत्र सारखी उपयोगी पडत नाही. स्थानिक विक्रेत्याने सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकांत अनुक्रमांकाचा रकाना बहुधा भरलेलाच नसतो. ‘हे निर्मात्याने भरावयाचे आहे’ अशा अर्थाचे मूळचे इंग्रजी वाक्यच तेथे राहून गेलेले आढळते. अशी पन्नास यंत्रे स्वयंचलित नोंदणीत घेतली, तर पन्नासांचा अनुक्रमांक एकच दिसतो. त्यांच्या बाबतीत मदरबोर्ड व हार्ड डिस्क यांचे क्रमांक एकत्र धरून ओळख ठरवावी लागते. मदरबोर्ड दुरुस्तीत बदलला व तंत्रज्ञाने जुना अनुक्रमांक नव्यावर लिहिला नाही, तर नामांकित यंत्रही नोंदवहीच्या दृष्टीने अनोळखी ठरते. जाळ्यातील जोडणीचा ४८ द्विमान अंकांचा मॅक पत्ता पुष्कळ जण ओळख म्हणून वापरतात. पण तो जोडणीच्या घटकाचा असतो, संगणकाचा नव्हे. एकाच डॉकला सकाळी एक व दुपारी दुसरा लॅपटॉप जोडला, तर दोहोंचा पत्ता एक दिसू शकतो. बिनतारी जाळ्यात तर उपकरणे अनेकदा तात्पुरता, यादृच्छिक पत्ता धारण करतात.

या कारणांमुळे संस्थेने प्रत्येक नगास स्वतःचा ओळखांक देणे इष्ट असते. तो पट्टीसंकेत किंवा क्यूआर संकेत (१९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीने विकसित केलेला) यांच्या रूपाने, सहज दिसेल पण हाताच्या घर्षणाने पुसला जाणार नाही अशा जागी लावतात. ओळखांकात विभागाचे, मजल्याचे किंवा वर्षाचे नाव गुंफण्याचा मोह टाळावा. ‘लेखा/दुसरा मजला/०७’ असा क्रमांक असलेले यंत्र आस्थापना शाखेत गेले की क्रमांक खोटा ठरतो आणि कोणीतरी नवी चिठ्ठी चिकटवितो. एका यंत्राची दोन यंत्रे होण्यास तेथूनच सुरुवात होते. अर्थ नसलेला क्रमिक अंक यासाठी सर्वोत्तम. जागा व ताबेदार हे बदलते तपशील असल्याने ते स्वतंत्र रकान्यांत, दिनांकासह लिहावेत आणि जुनी नोंद खोडू नये.

किती खोलात नोंद करावी, याविषयी एकवाक्यता नाही. मॉनिटर स्वतंत्रपणे हलविला जातो, म्हणून त्याची नोंद वेगळी असावी. कळफलक व माउस उपभोग्य साहित्यात जमा केले तरी चालते. हार्ड डिस्कचा अनुक्रमांक मात्र वगळू नये. त्याचे कारण पुढे निर्लेखनाच्या संदर्भात स्पष्ट होईल.

पडताळणी : जाळ्यातून आपोआप होणारी नोंद आणि प्रत्यक्ष पाहणी या परस्परांना पूरक आहेत. प्रत्येक संगणकावर बसविलेली छोटी आज्ञावली ठराविक काळाने घडणीची माहिती मध्यवर्ती संचिकेकडे पाठविते. जीएलपीआय व ओसीएस इन्व्हेंटरी या मुक्त आज्ञावली यासाठी प्रसिद्ध आहेत. परंतु बंद करून कपाटात ठेवलेला संगणक जाळ्यात दिसत नाही. उलट प्रत्यक्ष पाहणीत पेटी दिसते, पण तिच्यातील दोन स्मृतिपट्ट्यांपैकी एक नाहीशी झाली आहे हे कळत नाही. केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ यांतील नियम २१३ प्रमाणे स्थिर मत्तेची पडताळणी वर्षातून किमान एकदा करावी लागते आणि आढळलेल्या तफावतीची त्वरित चौकशी करावी लागते. लेखापुस्तक, जाळे व पाहणी या तिन्ही याद्या जुळवून पाहिल्या म्हणजे पुस्तकात असलेली पण न सापडणारी आणि जाळ्यात असलेली पण पुस्तकात नसलेली, अशी दोन प्रकारची यंत्रे उघड होतात. पहिल्या प्रकारावर देखभाल कराराचे पैसे व्यर्थ जातात. दुसरा प्रकार सुरक्षेच्या दृष्टीने अधिक धोक्याचा, कारण त्या यंत्रांच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणावरच नसते. सीआयएस या संस्थेच्या सुरक्षाविषयक नियंत्रणांत यंत्रांची यादी व नियंत्रण यांस पहिला क्रमांक दिला आहे, तो यामुळेच. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या उपद्रवी आज्ञावलीवरील उपाय मार्चमध्येच उपलब्ध झाला होता. तरीही इंग्लंडमधील २३६ आरोग्य न्यासांपैकी किमान ८१ न्यासांचे काम विस्कळीत झाले. स्थानिक संस्थांनी आधीच्या सूचना पाळल्या की नाहीत हे तपासण्याची औपचारिक यंत्रणा तेथील आरोग्य विभागाकडे नव्हती, असे ब्रिटिश राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नमूद केले.

हिशेबाच्या अंगाने पाहता, कंपनी अधिनियम, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत वापरकर्त्याच्या संगणकाचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे व सर्व्हर आणि जाळ्याच्या सामग्रीचे ६ वर्षे धरले आहे. घसारा पूर्ण झालेले यंत्र प्रत्यक्षात चालूच असते. त्याची किंमत पुस्तकात नाममात्र उरली म्हणून नोंद सैल करणे चुकीचे होय.

निर्लेखन : नोंदीचा खरा कस यंत्र संस्थेबाहेर जाताना लागतो. अमेरिकेतील मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेने २०१६ मध्ये दोन माहितीकेंद्रे बंद करताना सामग्री हलविण्याचे काम माहिती नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या वाहतूक कंपनीकडे सोपविले. ग्राहकांची माहिती असलेली काही उपकरणे पुढे विकली गेली. ग्राहकांच्या माहितीची योग्य यादी ठेवली नाही, हा २०२० मधील ६ कोटी डॉलरच्या दंडामागील एक आक्षेप होता. रोखे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये आणखी ३·५ कोटी डॉलरचा दंड जाहीर केला. नंतरच्या काळात स्थानिक शाखांतील सर्व्हर काढताना नोंदी जुळविल्या, तेव्हा ४२ सर्व्हर सापडत नसल्याचे निष्पन्न झाले होते.

माहिती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र डिस्कच्या अनुक्रमांकावर दिले जाते. नोंदवहीत केवळ पेटीचा क्रमांक असेल, तर ते प्रमाणपत्र कोणत्या यंत्राचे, हे सिद्ध करता येत नाही. डिस्क मध्यंतरी बदलली असल्यास जुनी कोठे गेली, हेही कळत नाही. चुंबकीय डिस्कवर पुनर्लेखन करून माहिती पुसता येते. अर्धसंवाहक डिस्कमध्ये लेखन निरनिराळ्या कोशांवर विभागले जात असल्याने पुनर्लेखन पूर्णतः विश्वसनीय नसते. तिच्यासाठी डिस्कमध्येच अंतर्भूत असलेली शुद्धीकरणाची आज्ञा वापरावी किंवा ती भौतिक रीत्या नष्ट करावी. निर्लेखनाच्या नोंदीत डिस्कचा प्रकार व वापरलेली पद्धत ही दोन्ही लिहितात.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अंमलात आहेत. त्यांनुसार वित्तीय वर्षात कोणत्याही वेळी अनुसूचीतील किमान १,००० नग वापरणारी संस्था मोठा ग्राहक ठरते व तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनश्चक्रण करणारा यांच्याकडेच सोपवावा लागतो. संस्था या व्याख्येत येते किंवा नाही, हे ठरविण्यासाठीही मॉनिटर, संगणक व छपाईयंत्रे यांची नगवार बेरीज हाताशी असावी लागते.