सणाच्या दिवशी कथेला मिळणारी कलाटणी

कथा-कादंबरीत सण आला की अनेक लेखक रांगोळ्या, फराळ आणि नव्या कपड्यांच्या वर्णनात रमतात. वास्तविक कथानकाला कलाटणी देण्यासाठी सणासारखी दुसरी जागा नाही. एरवी एकमेकांना टाळणारी माणसे त्या दिवशी समोरासमोर येतात, परगावी गेलेल्यांची घरी वाट पाहिली जाते. शिवाय सण कधी आहे हे पात्रांना आणि वाचकांना आधीच ठाऊक असते. काय घडणार हे मात्र कोणालाच ठाऊक नसते.

अलिबागजवळच्या थळ गावात घडणारी अनिता देसाई यांची 'द व्हिलेज बाय द सी' ही इंग्रजी कादंबरी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला पुढच्याच वर्षी 'गार्डियन'चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आई अंथरुणाला खिळलेली, वडील दारूच्या आहारी गेलेले, गावात खतकारखाना येणार म्हणून अस्वस्थता. अशा परिस्थितीत हरी हा मुलगा मुंबई गाठतो. घरचा भार बहीण लीलावर पडतो.

हरी मुंबईत असतानाच नारळी पौर्णिमा येते आणि त्यानंतर त्याचे मन गावाकडे वळते. हा सण लेखिकेने सहज निवडलेला नाही. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या समुद्राला नारळ अर्पण केल्यानंतर पुन्हा पाण्यात लोटायच्या, हा कोळी समाजाचा रिवाज आहे. थांबलेले जीवन ज्या दिवशी पुन्हा सुरू होते, त्याच सुमारास हरीची परतीची वाट सुरू होते. पुढे दिवाळीला दुरावलेले कुटुंब पुन्हा एकत्र येते. तरीही कारखान्याचे सावट दूर होत नाही. सणाने घर सावरते, गावाचा प्रश्न शिल्लक राहतो. थळला खतकारखाना पुढे खरोखरच उभा राहिला.

सोहळा उधळूनही कथा वळवता येते. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' (१८९९) या नाटकात म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरलेले शारदेचे लग्न वधूवर सगोत्र असल्याच्या कारणाने मोडते. विवाहाच्याच नियमातून आलेले हे वळण म्हणूनच ओढूनताणून आणल्यासारखे वाटत नाही. शिवाय सुटका झाली तरी अशा मुलीशी आता लग्न कोण करणार, हा नवा पेच उभा राहतो.

'शोले' (१९७५) चित्रपटात गब्बरसिंग होळी कधी आहे, हे आधी विचारून घेतो. त्यामुळे रामगडात रंग उधळले जात असताना प्रेक्षकाच्या मनात धास्ती असते. गावकरी मात्र बेसावध असतात.

या तिन्ही कलाकृतींतून नवोदित लेखकाला एक कसोटी मिळते. कथेतील सण काढून तिथे एखादा साधा रविवार घालून पाहावा. कथा तशीच पुढे सरकत असेल, तर तो सण केवळ सजावटीपुरता आहे. ती अडखळत असेल, तर मात्र सण योग्य जागी आला आहे, असे समजावे.